बंदी करा, पण आधी बस द्या

मद्रास आय.आय.टी. १९५९ साली गिंडीच्या वनातील जागेवर उभी राहिली. आवारात आजही हरणे फिरतात. तेथे विद्यार्थ्यांना मोपेड-स्कूटर वापरता येत नाही. नियम कडक आहे. पण वसतिगृहे आतच आहेत, सायकली आहेत, आवारात बस धावते. म्हणून तो कोणाचे शिक्षण अडवीत नाही, असे आम्हांस वाटते.

इतर विद्यापीठांनी असा फलक लावण्यापूर्वी एक विचार करावा. वसतिगृहात जागा न मिळालेली, दिवसा नोकरी करून संध्याकाळी दूरच्या वस्तीतून वर्गाला येणारी मुलगी फाटकापासून पुढे कशी जाईल? आधी बस आणि रस्त्यावर दिवे द्या, मग खुशाल बंदी करा. पालकहो, नुसता विरोध नको. बस मागा, लेखी मागा, एकजुटीने मागा.