हलका गिअर आणि पुसलेली चेन

वर्षानुवर्षं रखडलेल्या अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावर आता रविवारी पहाटे बडनेऱ्याहून मुर्तिजापूरकडे बारीक टायरच्या सायकली निघतात आणि त्यांवर दर महिन्याला नवे चेहरे दिसतात. मला याचा मनापासून आनंद होतो. पण वीस-बावीस गिअरची सायकल घेऊन यातली बरीच मुलं एकाच गिअरवर चालवतात, तोही सगळ्यात जड. याबद्दल आता स्पष्ट बोलायला हवं, कारण त्यांचे गुडघे विशी-पंचविशीतच कुरकुरू लागले आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे सोबतची मुलं ‘मॅडम, भारी गिअरवरच एव्हरेज वाढते’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना गणित मांडून दाखवते. रोडबाइकचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढचं चक्र ५० दातांचं आणि मागचं ११ चं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर पुढे जाते. ताशी २२ किलोमीटर वेगाला या गिअरवर पाय मिनिटाला जेमतेम ३८ वेळा फिरतात. तोच वेग पुढे ३४ आणि मागे १७ दातांवर घेतला, तर एका फेऱ्यात ४.२ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८७ फेरे. वेग तोच, लागणारी शक्तीही तेवढीच. पण प्रत्येक फेऱ्यात पेडलवर द्यावा लागणारा जोर निम्म्याहूनही कमी. पहिल्या प्रकारात सगळा भार गुडघ्यावर आणि मांडीवर येतो. दुसऱ्यात काही वाटा हृदय आणि फुप्फुसं उचलतात, आणि ती पायांइतक्या लवकर थकत नाहीत.

मुद्दा गणिताचा कमी आणि मनाचा जास्त आहे. हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवणं आपल्याकडे दमल्याची खूण मानली जाते. ही समजूत फ्रान्समध्येही होती. टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज गिअर बदलायचं यंत्र म्हणजे वयस्कांची सोय मानत. त्या शर्यतीत हे यंत्र १९३७ साली वापरू दिलं गेलं, तोवर मोठमोठे शर्यतपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं लावत. ज्यासाठी त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली ते आपल्या बोटाखाली आहे, आणि आपण त्याला हात लावत नाही.

वऱ्हाडातला सपाट रस्ता ही वाईट सवय झाकून ठेवतो. ती उघडी पडते मेच्या अखेरीस, पश्चिमेचा गरम वारा समोरून येतो आणि बोरगाव मंजू काही केल्या जवळ येत नाही तेव्हा. नाहीतर पातूरच्या घाटात किंवा चिखलदऱ्याला. अमरावती साधारण ३४० मीटर उंचीवर आहे, चिखलदरा ११०० मीटरच्या वर. परतवाडा सोडून चढ लागला की पोरं जड गिअरवरच उभी राहून रेटतात. पेडल जवळजवळ थांबल्यावर मग खटका मारतात, आणि चेन कडकडत उतरते. गिअर चढ लागण्याआधी बदलायचा असतो, पाय फिरत असताना, क्षणभर जोर सोडून. डावा खटका पुढच्या चक्रांचा, उजवा मागच्या. उजव्याचं काम रोजचं, डाव्याचं मोठा चढ-उतार आला की. पुढचं मोठं चक्र आणि मागचंही सगळ्यात मोठं, अशी जोडी टाळावी. चेन तिरपी ओढली जाते, घासते आणि लवकर झिजते.

चेनच्या बाबतीत मात्र आपली माती इतर कुणाच्या मातीसारखी नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीची पिठासारखी बारीक धूळ महामार्गावरही उडते, पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर तीच काळी माती डांबरावर येते. चेन कोरडी वाटली की लोक तिच्यावर हाताला येईल ते तेल ओततात, कुणी खोबरेल, कुणी गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल. ओल्या तेलावर धूळ बसते आणि त्या दोघांचा खरखरीत लगदा प्रत्येक सांध्यात शिरून लोखंड कातरत राहतो. अकोल्यातले एक म्हातारे सायकल मिस्त्री हे एका वाक्यात सांगतात, ‘आंधी पुसा, मंग तेल टाका.’ यापेक्षा चांगला सल्ला मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

घरी आल्यावर जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरवायचं, फडकं काळं येणं कमी होईपर्यंत. तेल चेनचंच आणायचं आणि आतल्या बाजूने प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडायचा, कारण तेल लागतं ते सांध्याच्या पोटात. ते रात्री घालावं आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढावं. हात लावल्यावर बाहेरून चेन जवळपास कोरडी लागली पाहिजे. उन्हाळ्यात पातळ, कोरडं राहणारं तेल बरं, पावसात थोडं दाट. मोटरसायकल धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल कधीही धरू नये. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि आतलं ग्रीस घालवतं.

झीज मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एक पोलादी पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं, म्हणून नव्या चेनची एक पिन शून्यावर धरून तिच्या पुढच्या २४ पिना मोजल्या की १२ इंच भरतात. तिथे शेवटची पिन पट्टीच्या खुणेपुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. चालढकल केली तर वाढलेली चेन मागच्या चक्रांचे दात खाते, आणि तो संच चेनच्या कितीतरी पट महाग पडतो.

हे शिकवायचं काम दुकानात व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. पन्नास-साठ हजारांची सायकल विकताना ती स्टँडवर चढवून गिऱ्हाइकाला अर्धा तास दोन्ही खटके चालवायला लावणं दुकानदाराला परवडतं. अमरावती-अकोल्यातल्या सायकल गटांनीही नव्या माणसाला थेट चिखलदऱ्याला न नेता आधी छत्री तलावाच्या बाजूच्या छोट्या चढांवर दोन-तीन रविवार गिअर बदलायला लावावेत, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या चेनवर पट्टी ठेवून पाहावी. ज्याची चेन लांबलेली आहे, त्याला त्या दिवशी घाटात नेऊ नये.