कडू वृंदावन

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीच्या रस्त्यालगत, आवास विकास परिषदेने वसविलेली वृंदावन योजना नावाची वस्ती आहे. वृंदावन म्हणताच मराठी माणसास अंगणातील तुळस आठवते. क्वचित रानातले ते फळही आठवते, जे दिसावयास गोमटे आणि जिभेस कडू. आम्ही याच वस्तीत राहतो, आणि आमचे छप्परही कुणाच्या तरी शेतावर उभे आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

येथील मैदानावर फेब्रुवारी 2020 मध्ये संरक्षणसामग्रीचे प्रदर्शन भरले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये गुंतवणूकदारांची जागतिक परिषद. सुमारे 33 लाख कोटी रुपयांच्या करारांचा आकडा तेव्हा दुमदुमला. त्याच वर्षी जुलैत एका दिवसात 30 कोटी रोपे लावल्याचे जाहीर झाले. 9 जुलै 2025 रोजी ती संख्या 37 कोटींवर गेली. ज्या राज्यात वनाच्छादन सहा टक्क्यांच्या आसपास आहे, तेथे असे घडावे याचा आनंद आम्हांस का नसावा? परंतु आम्ही पडलो कारकून! जमेची बाजू दिसली की खर्चाची बाजू मागण्याची आम्हांस खोड आहे. तिसऱ्या उन्हाळ्याअखेर त्यांतील किती रोपे जगली, हे तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक आम्ही अद्याप पाहिला नाही. 1950 साली वनमहोत्सव सुरू करणारे कन्हैयालाल मुनशी पुढे याच लखनौच्या राजभवनात राहिले. खड्डे खणण्यात आपण इतक्या वर्षांत पारंगत झालो आहोत. पाणी घालण्याचे तेवढे राहिले.

कचेरीतील आमचे एक स्नेही म्हणतात, "पहले पेट, फिर पेड़." अनुप्रास उत्तम आहे, तर्क मात्र लंगडा. अमेरिकन माणूस भारतीयाच्या सुमारे सातपट कार्बन हवेत सोडतो. धनिक राष्ट्रांनी आकाश आधी भरून टाकले आणि आता आम्हांस संयम शिकवितात, हे खरेच आहे. ग्लासगो येथे 2021 मध्ये भारताने 2070 ची मुदत मागून घेतली ती न्याय्यच होती. पण जगाकडे न्याय मागावयाचा आणि घरी येऊन आपल्याच तळ्यात राबिट ओतावयाचे, यांचा एकमेकांशी संबंध काय? गोमतीला हिमालयाचे बर्फ नाही. पिलिभीतजवळच्या तळ्यातून निघालेली ही नदी मुख्यतः भूजलावर जगते. तळी बुजली, घरोघरी समर्सिबल बसले, म्हणजे नदीच उपसली जाते. आणि मग पोटालाही पाणी उरत नाही, हे स्नेह्यांस कोणी सांगावे!

दुसरा पक्ष अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक फसवा. तो म्हणतो, लक्ष्ये तर आपण गाठीत आहोत. खरेच, विद्युत्निर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाबाहेरची करण्याचे 2030 चे वचन 2025 मध्येच पुरे झाले. (प्रत्यक्ष विजेत कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे, ही गोष्ट वेगळी.) पण कार्बन टनांत मोजता येतो; माळढोक कशात मोजावा? सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केले, तो पक्षी आज मुख्यतः राजस्थानच्या माळांवर उरला आहे, आणि तेथील वीजवाहिन्यांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा भूमिगत करण्यास सांगितले. 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांकडे सोपविला, आणि त्यामागे हवामानविषयक वचनांचाही विचार होता. म्हणजे हवा वाचविण्याच्या वचनापुढे पक्ष्याची बाजू लंगडी पडली! निकोबारच्या वर्षावनाची भरपाई हरियाणात झाडे लावून करण्याचे ठरले, तेही याच हिशेबाने. शेजाऱ्याचे मूल हरविले म्हणून दुसऱ्या गावी पाळणाघर काढण्यासारखेच हे.

सरकारी नोकराने असे लिहू नये, असे कोणी म्हणेल. आम्ही नवे काहीच मागत नाही. गावतळ्यांचे रक्षण करा, हे याच राज्यातील एका तळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितले आहे. प्रत्येक नव्या योजनेच्या नस्तीत, नकाशाच्याही आधी, त्या भूमीवरील तळ्यांचे खसरा क्रमांक लावावेत, आणि एखादे तळे गेलेच तर त्याची भरपाई त्याच नदीच्या खोऱ्यात दाखवावी. एक पान पुरेल. टंकलिखित करून देण्यास आम्ही तयार आहोत.