रेडिओ दुरुस्त करणारा गोष्टीवाला



एकलहऱ्याला कधी गेला आहात? नाशिकरोडच्या बाजूनं निघालात, की दुरूनच औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दिसतात. तिथं कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि वीज तयार होते! अशा गावातल्या मुलांना पाहुणे काय विचारणार? "काय रे, तूही इंजिनिअर होणार ना?" आणि एखादा हळूच म्हणाला, "मला गोष्टी लिहायच्यात," तर सगळे हसतात. जणू दोन्ही एकाच माणसाला जमायचंच नाही!

अशा वेळी गप्प बसू नका. दि. बा. मोकाशी हे नाव सांगा.

दिगंबर बाळकृष्ण मोकाशी १९१५ मध्ये उरणला जन्मले. विजेचं आणि रेडिओचं तंत्र ते शिकले आणि पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करू लागले. तेव्हाचा रेडिओ म्हणजे भलं मोठं खोकं. आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवलं, तरी ते तापेपर्यंत आवाज यायचा नाही! बिघडला की खोकं उघडायचं, खरखर कान देऊन ऐकायची, कुठली तार सुटली, कुठला व्हॉल्व्ह गेला, ते एकेक करून शोधायचं. घाई करून चालायचं नाही.

याच माणसानं कथा, कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठीही लिहिलं. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर ते आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत गेले. वारकरी कसे राहतात, काय खातात, कशासाठी चालतात, हे त्यांनी जवळून पाहिलं, विचारलं आणि लिहिलं. ते 'पालखी' हे पुस्तक १९६४ मध्ये आलं. रेडिओ उघडून पाहणारा माणूस गर्दीतही तसाच, नीट बघत चालला होता.

'आमोद सुनासी आले' ही त्यांची प्रसिद्ध कथा. त्यात एका बापाचा मुलगा गेलेला आहे. बाहेर पाऊस, आत दुःख. अशात गावातली एक गाय अडते. तिला सोडवणारे जाणते हात त्या बापाचेच! तो उठतो आणि जातो. शहाणपणाचे चार शब्द जिथं पोहोचत नाहीत, तिथं हातांचं काम पोहोचतं. मला वाटतं, ज्यानं स्वतः हातानं काम केलंय, त्यालाच हे असं सुचावं.

मोकाशी १९८१ मध्ये गेले. पण त्याच कथेवरून सुमित्रा भावे यांनी 'दिठी' हा चित्रपट केला आणि २०२१ मध्ये तो लोकांनी पाहिला. दुरुस्त केलेले रेडिओ कधीच भंगारात गेले असतील. गोष्ट मात्र अजून वाजतेय!

आता तुमचं काम. घरात बंद पडलेली बॅटरी असेल ना, अंधारात धरायची ती? आईबाबांना विचारून, आतले सेल काढून ती उघडा. घरातल्या चालू विजेच्या वस्तूला मात्र हात लावायचा नाही हं! आत काय सापडलं, ते रात्री जेवताना आजीला गोष्टीसारखं सांगा. आजीला कळलं, तर समजा, दोन्ही कामं जमली.

आणि आईबाबा, पसारा दिसला, तर लगेच रागावू नका. आधी गोष्ट तर ऐका!