गच्चीवरचें ऊन आणि गच्चीखालचें घर

हल्लीं घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवून वीज निर्माण करण्याचा प्रघात वाढत आहे. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेंत घरमालकास तीन किलोवॅटच्या यंत्रणेसाठीं ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यांत आलें. तेव्हांपासून आमच्या वाचकांच्या कित्येक घरीं ही चर्चा झालीच असेल. ही गोष्ट स्तुत्य होय, यांत आम्हांस संशय नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. वीज किती मिळेल व बिल कितीनें उतरेल याचा हिशेब सारे करतात. ज्या गच्चीवर हें सर्व उभें राहावयाचें, तिची मात्र कोणी विचारपूस करीत नाहीं.

आपल्याकडील गच्ची म्हणजे एकच एक शिळा नव्हे. खालीं काँक्रीटचा स्लॅब, त्यावर पाणी रोखणारा लेप, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सर्वांत वर गिलावा किंवा चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, असे थर बहुधा असतात. कोब्यास दिलेल्या उतारामुळेंच पावसाचें पाणी नळाकडे जातें. घाईनें काम उरकणारा कारागीर सांगाडा ठोकण्यासाठीं ह्या थरांत भोंकें पाडतो. भोंक बोटाएवढें, परंतु त्यांतून शिरलेलें पाणी कोब्यांत मुरतें, थरांमधून आडवें सरकतें आणि चार-सहा हात दूर भलत्याच खोलीच्या छतांत प्रकट होतें. मग मूळ शोधण्यासाठीं सारा सांगाडा उचलावा लागतो. पॅनेल पंचवीस वर्षें टिकावें अशी अपेक्षा असते. खालचा लेप इतकीं वर्षें क्वचितच टिकतो. म्हणून जुनी गच्ची आधीं दुरुस्त करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भोंकें न पाडतां काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर सांगाडा उभा करतां येतो. यावर कोणी वाऱ्याची शंका घेईल, व ती रास्तच आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां छपरांची काय दशा झाली हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. ठोकळे किती जड हवेत आणि तें ओझें स्लॅबास पेलेल कीं नाहीं, हें अभियंत्यानेंच सांगावें. (खालीं कपडे वाळत घालतां यावेत म्हणून सांगाडा पुरुषभर उंच करण्याची हौस कित्येकांस असते, वाराही त्यास तितकाच अधिक लागतो.) ठोकळे पाण्याच्या वाटेंत येऊं नयेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं वडील माणसांसह गच्चीवर जाऊन बादलीभर पाणी ओतावें, तें कोठें वाहतें व कोठें साचतें हें खडूनें आंखून ठेवावें आणि कंत्राटदारास दाखवावें.

सहकारी गृहसंस्थेंत प्रश्न अधिक नाजूक होतो. जिन्यांतील दिव्यांचें व पंपाचें बिल सर्वांचें उतरतें. ओल मात्र वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबाच्या माथीं येते. बहुमतानें ठराव झाला म्हणून त्या कुटुंबानें ती मुकाट्यानें सोसावी, हें आम्हांस मान्य नाहीं. पुढें गळती झाल्यास पॅनेल काढण्याचा, गच्ची दुरुस्त करण्याचा व तीं पुन्हां बसविण्याचा खर्च कोणीं द्यावयाचा, हें काम सुरू होण्यापूर्वींच त्या ठरावांत लिहून घ्यावें.