धनुष्याचे लाकूड कसे पारखावे?

कुऱ्हाडीला दांडा घालायचा म्हणजे आपण हाताला येईल ते दांडके उचलत नाही. गाठ कुठे आहे, पीळ किती आहे, ओले आहे की वाळलेले, हे आधी बघतो. दांडा ऐन घावात मोडला तर पाते कोणाच्या पायावर जाईल याचा नेम नसतो. धनुष्याचे लाकूड निवडणे त्याहून अवघड. दांड्याने नुसता मार सोसायचा. धनुष्याने मात्र दर बाणामागे वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. भरताणात ते मोडले तर तुकडे सरळ ओढणाऱ्याच्या तोंडावर येतात.

आपल्याकडे भिल्लांचे धनुष्य बांबूचे. अमेरिकेत मात्र धनुष्यासाठी एका काटेरी झाडाचे नाव फार मोठे आहे. त्याला म्हणतात ओसेज ऑरेंज. ओसेज हे तिकडच्या एका आदिवासी जमातीचे नाव. नावात संत्रे असले तरी झाड संत्र्याच्या कुळातले नव्हे. ते आपल्या वड, फणस आणि तुतीच्या गोतातले. फळ हिरवट, खडबडीत, मोठ्या संत्र्याएवढे, आणि कापले की फणसासारखा चीक गळतो. माणूस ते खात नाही. टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा हा त्याचा मूळ मुलूख. तिथे आलेल्या फ्रेंच लोकांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘धनुष्याचे लाकूड’. ब्रॅडबरी नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1809 ते 1811 या काळात त्या भागात प्रवास केला. दूर उत्तरेकडच्या अरिकारा लोकांत या लाकडाच्या एका धनुष्याला एक घोडा आणि एक घोंगडी मोजावी लागे, असे त्याने लिहून ठेवले आहे. शिकारीवर ज्यांचे पोट, त्यांना ही किंमत जड वाटली नसावी.

पुढे गोऱ्या शेतकऱ्यांनी हेच झाड शेताच्या बांधावर कुंपण म्हणून दाट लावले. घोडा उडी मारून जाणार नाही, बैल रेटून जाणार नाही आणि डुक्कर खालून घुसणार नाही, असे ते कुंपण! 1874 साली ग्लिडन याच्या काटेरी तारेला पेटंट मिळाले, तार स्वस्त झाली आणि जिवंत कुंपणाची गरज सरली. पण झाडे राहिली. आज जुने बांध मोकळे करताना ही झाडे पाडून जाळली जातात. लाकूड जळते फार कडक, ठिणग्याही उडतात. धनुष्य करणाऱ्याच्या दृष्टीने हे सोने चुलीत घालण्यासारखे आहे. अर्थात सगळेच सोने नसते. दहा झाडांत एखादे कामाचे निघते, आणि ते कुऱ्हाड लावण्यापूर्वी ओळखता आले पाहिजे.

पहिली पारख उभ्या झाडाची. सालीच्या भेगा बघा. त्या बुंध्यावर सरळ वर जात असतील तर आतला धागाही बहुधा सरळ. दोरीला पीळ द्यावा तशा फिरत असतील तर आतही पीळ आहे. थोडा पीळ चालतो, पण धनुष्याच्या लांबीत तो पाव वेढा फिरला तर ते झाड सोडून द्यावे. माणसाच्या उंचीएवढा, फांदी नसलेला तुकडा हवा. बांधावर एकट्या उभ्या झाडाला खालपासून फांद्या फुटतात. दाटीत वाढलेले झाड उजेडासाठी सरळ वर जाते, म्हणून चांगला बुंधा दाटीत शोधावा. जाडी आठ इंचांच्या पुढे असली तर बरी. बारीक बुंध्यातून निघालेली फळी पाठीवर फार गोल राहते.

दुसरी पारख खरी महत्त्वाची, ती कापलेल्या टोकाची. टोक रंध्याने किंवा धारदार सुऱ्याने गुळगुळीत करून पाण्याने ओले करा, म्हणजे वर्षावर्षाची कडी स्पष्ट दिसतात. सागाच्या ओंडक्यावर दिसतात तशीच. प्रत्येक कड्यात दोन भाग असतात. वसंतात झाड भराभर पाणी ओढते, तेव्हाचा भाग फिकट आणि बारीक छिद्रांचा. पुढे उन्हाळ्यातला भाग गडद, घट्ट आणि जड. ताकद आहे ती या दुसऱ्या भागात. एका कड्यात चार भाग घट्ट आणि एक भाग छिद्रांचा असेल तर लाकूड उत्तम. निम्मे निम्मे असेल तर फळी हातालाच हलकी लागते.

आता इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. सावकाश वाढलेले, बारीक कड्यांचे लाकूड तेवढे मजबूत, असे आपण ऐकत आलो आहोत. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत ते बरेचसे खरे आहे. ओसेजमध्ये उलट घडते. छिद्रांचा पट्टा दरवर्षी जवळजवळ तेवढाच राहतो. झाडाला वर्ष चांगले गेले तर वाढतो तो घट्ट भाग. म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीची कडी बघून नाक मुरडू नये. उपाशी राहिलेल्या झाडाची कागदासारखी बारीक कडी बघूनच विचारात पडावे.

जाड कड्यांचा आणखी एक फायदा आहे. ओली फांदी वाकवली की ती आधी बाहेरच्या बाजूने फुटते. धनुष्याचेही तसेच. म्हणून त्याची बाहेरची पाठ एकाच वर्षाच्या कड्याची, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवतात. साल आणि तिच्याखालचे पांढरे लाकूड काढून गाभ्यातले एक कडे धरायचे आणि त्यावरचे सगळे हळूहळू सोलायचे. मध्येच सुरा खोल गेला आणि ते कडे तुटले, तर त्या जागी पुढे चीर जाते. कडी कागदासारखी असली की या कामात कारागिराची अक्षरशः परीक्षा होते. बारीक गाठ आली तर ती छाटू नये, तिच्याभोवती थोडे लाकूड जास्त ठेवावे.

रंगावरून मात्र फसू नका. ताजा गाभा हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात तांबूस तपकिरी होतो. जुने तपकिरी लाकूड तेवढ्यासाठी वाईट ठरत नाही.

ओंडका करवतीने न कापता पाचरी मारून फोडावा. करवत धाग्याची पर्वा करत नाही. पाचर धाग्यानेच जाते आणि लपलेला पीळ त्याच दिवशी उघडा पाडते. कापलेल्या टोकांना लगेच, उद्यावर न टाकता, रंग, मेण किंवा सरस फासावा. टोके आधी वाळतात आणि तिथून भेगा आत धावतात. ओंडक्याच्या तोंडाला शेणमाती लिंपतात, त्यातले कारण हेच. साल ठेवली तर तिच्याखाली भुंगेरा लाकूड पोखरतो. साल आणि पांढरे लाकूड काढले तर पाठीलाही लेप हवा, नाहीतर ती उन्हाळी जमिनीसारखी तडकते.

मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवून वाट बघणे आले. वर्ष तरी लागतेच. वाळले की नाही हे ओळखायला तराजू पुरतो. फळी दर पंधरवड्याला तोलून आकडा तिच्यावरच लिहावा. वजन घटायचे थांबले की लाकूड त्या हवेपुरते वाळले. घाई सोसवत नसेल त्याने जुन्या कुंपणाचे खांब धुंडाळावेत. ओसेजचा खांब जमिनीत अनेक दशके कुजत नाही, आणि अशा खांबांतून धनुष्ये निघालेली आहेत. फक्त खिळ्यांची भोके आणि खोल भेगा चुकवून सहा फुटांचा अखंड पट्टा मिळाला पाहिजे.