विश्लेषण : पोकरमध्ये कौशल्य जिंकते, मग नवखा खेळाडू का हरतो?

पोळा जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यात जुगार अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्या येऊ लागतात. ताश पत्ते जप्त होतात, रोख रक्कम जप्त होते, गुन्हे नोंदवले जातात. गेल्या काही वर्षांत हाच डाव मोबाइलमध्ये आला आणि तीन पत्तीच्या शेजारी पोकर येऊन बसले. ‘हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ’ ही त्याची जाहिरात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरीही परदेशातून चालणाऱ्या खेळांचे दुवे मोबाइलवर येतच असतात. म्हणून कौशल्याचा हा दावा तपासायला हवा. तो खोटा नाही. सामान्य माणसाला धोका आहे तो नेमका त्यामुळेच.

दोघांचे पोकर कसे चालते?

‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मध्ये आधी तीन, मग एक, मग आणखी एक असे पाच पत्ते उघडले जातात. या सातांतून सर्वोत्तम पाच पत्ते ज्याचे, त्याचा डाव. चाल चार वेळा होते. तीन पत्तीत जसा बूट, तशी येथेही पत्ते पाहण्याआधी सक्तीची रक्कम लावावी लागते. सहा-आठ जणांच्या डावात ती फिरत फिरत वाट्याला येते. त्यामुळे सावध खेळाडू पॅक होऊन चांगल्या पत्त्यांची वाट पाहू शकतो. दोघांच्या डावात ती प्रत्येक वेळी दोघांनाही भरावी लागते. नुसते थांबून राहिले तरी पैसे संपतात. म्हणजे साधारण पत्त्यांवरही खेळावेच लागते, आणि तेथेच डावपेच सुरू होतात.

डावपेच म्हणजे नेमके काय?

पहिली गोष्ट पाळीची. पत्ते वाटणाऱ्याच्या जागी असलेला खेळाडू पहिल्या फेरीत आधी चाल करतो, पण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी. समोरच्याने काय केले हे पाहून ठरवता येणे हा मोठा फायदा असतो. जाणकार या जागेवर अधिक डाव खेळतात, दुसऱ्या जागेवर कमी.

दुसरी गोष्ट शक्यतांची. हातातील दोन पत्ते वेगवेगळे असतील, तर पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत त्यांची जोडी जुळण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश असते. म्हणजे समोरच्याचे पत्ते बहुतेक वेळा जुळलेले नसतात. त्यामुळे नुसता एक्काही येथे बलवान ठरतो.

तिसरी गोष्ट ब्लफची, आणि तो हिशेबाचा भाग आहे. समजा मध्ये १०० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी १०० लावले. तुम्हाला १०० भरून २०० मिळवायचे आहेत. तीनपैकी एकदा तुमचा अंदाज बरोबर आला तरी बरोबरी होते. म्हणून अशा शेवटच्या चालींपैकी साधारण एक तृतीयांश चाली खोट्या ठेवणाऱ्याविरुद्ध तुम्ही पैसे भरा की पॅक व्हा, फरक पडत नाही. त्याहून कमी ब्लफ करणारा ओळखला जातो, जास्त करणारा पकडला जातो. हे प्रमाण डोक्यात ठेवून, चेहरा न पाहता हजारो डाव खेळणे म्हणजे कौशल्य.

हे कौशल्य किती खोल आहे?

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांच्या मर्यादित चालीच्या पोकरचे गणित जवळजवळ पूर्ण सोडवले. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने अमर्याद चालीच्या खेळात चार नामांकित व्यावसायिकांना हरवले. त्यासाठी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळले गेले. ही संख्या लक्षात घ्यावी. एका डावात नशीब मोठे असते. दोन एक्के हाती आले, तरी समोरच्याच्या कोणत्याही दोन पत्त्यांपुढे शंभरात सुमारे १५ वेळा हार होतेच. कौशल्य दिसते ते लाखभर डावांत. पहिल्या दोन रात्री जिंकलेल्या नवख्याला मात्र आपले नशीबच कौशल्य वाटते, आणि तो रक्कम वाढवतो.

मग पैसे कोणाचे जातात?

दोघांच्या खेळात एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याचाच असतो. अड्ड्याचा मालक जशी नाल काढतो, तसा ॲपही डावांतून आपला वाटा घेतो. दोघे तुल्यबळ असले, प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले आणि डावामागे सरासरी ५ रुपये कापले गेले, तर २०० डावांत निम्मे भांडवल संपते. तुल्यबळ नसतील, तर कमी जाणणाऱ्याचे आधी संपते. तीन पत्तीत नवखाही नशिबाने काही काळ तरतो. कौशल्य जितके जास्त, तितकी त्याची हार अधिक निश्चित. पडद्यापलीकडे माणूस आहे की प्रणाली, हेही त्याला कळत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत उच्च न्यायालयांचे एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार म्हटले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावले जात असतील, तर खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

जिल्ह्यासाठी याचा अर्थ काय?

कोणताही जाणता पोकरपटू पहिला नियम हाच सांगेल : जे पैसे गमावले तरी घर चालेल, तेवढेच लावायचे, आणि एका बैठकीत त्यातलाही लहान भागच. कापसाचा किंवा सोयाबीनचा चुकारा हा तसा पैसा नाही. त्यात पुढच्या हंगामाचे बियाणे, कृषी केंद्राची उधारी आणि मुलांची फी असते. शेतकरी पावसाशी जोखीम घेतो ती नाइलाजाने, आणि तेथे निदान पीक उभे राहते. येथे जोखीम स्वतःहून घेतली जाते आणि समोर आपल्याहून तयार खेळाडू असतो.

बंदी योग्यच आहे, पण ती पुरेशी नाही. शाळा-महाविद्यालयांत शक्यतांचे गणित शिकवताना हा हिशेब मांडला, तर जाहिरातीतील ‘कौशल्य’ कोणाच्या बाजूचे आहे हे मुलांना कळेल. हरलेल्याला घरात आणि गावात गुन्हेगारासारखे वागवू नये. कायद्यानेही त्याला तसे मानलेले नाही. रक्कम लपवण्यासाठी काढलेले दुसरे कर्ज पहिल्या हारीपेक्षा महाग पडते. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी आणि मन खचले असल्यास १४४१६ या ‘टेलिमानस’ सेवेशी बोलावे.