कुत्र्यासोबतचा ‘कोणी एक मनुष्य’

१/ रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्यावरून २०११ मध्ये वाद पेटला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा पेटला. दोन्ही वेळा आपण एकच प्रश्न विचारला : हा कुत्रा खरोखर होता का? प्रश्न रास्त आहे. परंतु इतिहासातील कुत्र्यांविषयी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. त्या कुत्र्याला शिकवले कोणी? #थ्रेड

२/ माझे मत आरंभीच मांडतो. शिकवलेला कुत्रा हे दोन जिवांचे मिळून झालेले काम असते. आपल्या इतिहासलेखनाने त्यातील कुत्र्याला नाव दिले, त्याच्या धन्याला कीर्ती दिली आणि शिकवणाऱ्याला वगळले. ही उणीव भरून काढायची असेल, तर सुरुवात जळगाव-धुळ्यातून व्हावी. का, ते पुढे येईलच.

३/ पहिली साक्ष महाभारताची. आदिपर्वात पांडव शिकारीला निघतात. त्यांचा कुत्रा रानात भरकटतो आणि एकलव्यावर भुंकू लागतो. एकलव्य सात बाणांनी त्याचे तोंड बंद करतो. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण हा कुत्रा रानात आणला कोणी? महाभारतकार ते सांगतात : शिकारीचे साहित्य घेऊन, कुत्र्याला सोबत घेऊन, कोणी एक मनुष्य पांडवांच्या मागून चालला होता. बस, एवढेच. तो ‘कोणी एक’ पुन्हा कथेत येत नाही.

४/ खान्देशातील भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो. त्याच्या अंगठ्याचा अन्याय आज आपण मोकळेपणाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच प्रसंगात आणखी एक श्रमिक उभा आहे. त्याचा अंगठा कोणी मागितला नाही, कारण त्याच्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

५/ दुसरी साक्ष धातूची. १९७४ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन धातुशिल्पे सापडली. त्यांतील बैल जुंपलेल्या रथावर सारथी उभा आहे आणि त्याच्यापुढे, रथाच्या दांड्यावर, एक लहानसा प्राणी आहे. अभ्यासक त्याला कुत्रा मानतात. याच दायमाबादेत सावळदा संस्कृतीचा थर मिळाला, आणि या संस्कृतीला नाव मिळाले ते तापीकाठच्या सावळदा गावावरून.

६/ ही शिल्पे कोणाच्या हाती लागली, हे मात्र आपल्याला नेमके ठाऊक आहे. छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याच्या. पुरातत्त्वज्ञांनी त्यांचे नाव अहवालात घेतले, म्हणून पन्नास वर्षांनी मी ते येथे लिहू शकतो. सामान्य माणसाचे नाव इतिहासात टिकण्यासाठी फार मोठे काही लागत नाही. त्या वेळी कोणीतरी ते टिपून ठेवावे लागते.

७/ तिसरी साक्ष साताऱ्याची. छत्रपती थोरल्या शाहूंचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. वाघाच्या झडपेतून त्याने शाहूंना वाचवले, अशी आख्यायिका आहे. संगम माहुली येथे त्याचे स्मारक आजही दाखवतात. खंड्याला कोण खाऊ घालत असे, शिकारीत कोण सोडत असे, हे सांगणारा दगड तेथे नाही.

८/ ग्रंथांतही हेच दिसते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘सारमेयविनोद’ असा कुत्र्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. शीर्षकच बोलके आहे : कुत्रा हा राजाचा विनोद. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यावर कुत्री सांभाळणाऱ्या नोकराला ‘डोरिया’ म्हणत. डोर म्हणजे दोरी. माणसाची ओळख त्याच्या हातातल्या दोरीपुरती उरली.

९/ आपली भाषाही शिकवणाऱ्याला फारसा मान देत नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो. म्हणजे शिकवणे व्यर्थ, असा निकाल आधीच लागलेला! ही म्हण ज्या गावांत घडली, त्याच गावांच्या शिवारात शिकवलेली कुत्री कळप आणि खळी राखत होती.

१०/ आता खान्देशाकडे वळू. येथे पोलिसी कुत्रा येण्याच्या कितीतरी आधी त्याचे काम करणारा माणूस होता : माग काढणारा. १८१९ च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ही पद्धत नोंदवली आहे. चोरी झाली की गावच्या रखवालदाराने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन तेथील रखवालदाराची खात्री पटवली, की याची जबाबदारी संपे आणि पुढचा शोध त्या गावावर येई.

११/ खान्देशात ही जागल्याची चाकरी बहुधा भिल्लांकडे होती. शेजारच्या गुजरातेत अशा माणसाला ‘पगी’ म्हणत. आपण इतिहासाचा ‘मागोवा’ घेतो असे म्हणतो, तेव्हा याच माग काढणाऱ्यांचा शब्द वापरत असतो. धुळीतील ठसा ताजा की शिळा, चालणारा ओझ्यासह होता की मोकळा, हे ओळखणे ही विद्या होती. ती बापाकडून मुलाकडे जात असे आणि कागदावर कधी उतरत नसे.

१२/ १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभारली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावी होते. आउट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो त्यांच्यात राहून आणि त्यांच्यासोबत शिकार करून. दहा वर्षांत त्याच्या मंडळींनी १९१ वाघ मारल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे.

१३/ वाघ मोजले गेले. ज्यांनी त्या वाघांचे माग काढले, त्यांची नावे त्या गोष्टीत येत नाहीत. आउट्रम ‘सर’ झाला, लंडन आणि कलकत्त्यात त्याचे पुतळे उभे राहिले. आणि ज्यांच्या डोळ्यांवर ही शिकार उभी होती, त्या समाजातील अनेकांच्या माथी याच राजवटीने ‘लुटारू’ हा शिक्का मारला.

१४/ संघटित पोलिसी श्वानप्रशिक्षण १८९९ मध्ये बेल्जियममधील गेंट शहरात सुरू झाले, असे मानले जाते. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ चे. राज्यातील पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र गुन्हे अन्वेषण विभागाने पुण्यात शिवाजीनगरला उभारले. आज जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा पोलिसदलांकडे श्वानपथके आहेत. जागल्याचा माग आता दोरीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

१५/ हे शिक्षण कसे चालते? कुत्र्याला गुन्हा कळत नाही, स्फोटक कळत नाही. त्याला चेंडू हवा असतो, खाऊ हवा असतो, शाबासकी हवी असते. शिकवणारा विशिष्ट वासाशी तो आनंद जोडून देतो. तो वास सापडला की खेळ मिळतो, हे शेकडो आवर्तनांनी पक्के होते. खरी कठीण विद्या माणसाची असते : शेपटीची ढब, श्वासाची लय, मानेचा झटका यांवरून कुत्र्याला वास लागला आहे की तो नुसता हुंगतो आहे, हे ओळखणे.

१६/ आपल्या वृत्तपत्रांतील एक ठरलेले वाक्य आठवा : ‘श्वानाने काही अंतरापर्यंत माग दाखवला व ते तेथेच घुटमळले.’ वाचणारा हसतो. पण या घुटमळण्यालाही अर्थ असतो. चोर तेथून वाहनावर बसला असेल. जमीन तापली असेल. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कोरड्या, तापलेल्या मातीवर वास फार वेळ टिकत नाही, पहाटेच्या ओलाव्यात तो अधिक टिकतो. हे सारे जाणून कुत्र्याला कधी सोडायचे आणि त्याच्या थांबण्याचा अर्थ काय लावायचा, हे ठरवतो तो श्वान हस्तक. बातमीत त्याचे नाव आलेच तर शेवटच्या ओळीत.

१७/ ‘झंजीर’ तुम्हाला ठाऊक असेल. मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ काडतुसे शोधून दिली, असे सांगितले जाते. २००० मध्ये पोलिसी इतमामात त्याला निरोप दिला गेला. त्याचे छायाचित्र दर वर्षी समाजमाध्यमांवर फिरते. त्याला पुण्यात घडवणाऱ्या आणि त्याच्या बरोबरीने त्या स्फोटकांपाशी उभ्या राहिलेल्या पोलिसांची नावे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील?

१८/ आणि आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा कागद. १९६९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे श्वानाने काढलेल्या मागाचा पुरावा आला. न्यायालयाने त्यावरील आक्षेपांची चर्चा केली. त्यांतला एक असा : कुत्रा शपथ घेऊन साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, म्हणून त्याच्या सोबतच्या माणसालाच पिंजऱ्यात उभे राहून कुत्र्याची साक्ष सांगावी लागते. अशा पुराव्याला न्यायालयाने फारसे वजन दिले नाही.

१९/ याचा अर्थ नीट पाहा. माणसाच्या साक्षीविना कुत्र्याचे काम न्यायालयापुढे येऊच शकत नाही. त्याला कोणी आणि कसे शिकवले, किती वेळा तो अचूक ठरला, हे विचारता यायला हवे. इतिहासकारानेही हाच आग्रह का धरू नये? कुत्र्याच्या पराक्रमाची कथा समोर आली, की सोबतचा माणूस साक्षीला बोलवा. तो सापडला तर कथा पक्की होते. न सापडला तर कथेकडे सावधपणे पाहा. ही कसोटी वाघ्यालाही लावा, खंड्यालाही लावा.

२०/ या विद्येची आणखी एक शाखा खान्देशात आजही जिवंत आहे. साक्री, शिंदखेडा भागांतील ठेलारी मेंढपाळ वर्षाचा मोठा काळ मेंढ्यांसह भटकंतीत काढतात. त्यांच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू मेंढ्यांच्या वासात आणि आवाजात वाढते. मोठेपणी ते कळपालाच आपले घरदार मानते. येथे वर्ग नाही, शिट्टी नाही, प्रमाणपत्र नाही. पण हे शिक्षण नाही असे कोण म्हणेल?

२१/ १९६५ मध्ये स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी दीर्घ प्रयोगांनंतर ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास जे सोबती लाभतात, त्यांच्याशी त्याचे नाते जडते, हा त्यातील गाजलेला निष्कर्ष. वाड्यावरील रीत नेमकी याच आठवड्यांचा लाभ घेते. आज जळगावच्या उन्हात हौसेने सैबेरियन हस्की पाळणाऱ्या घरांनी महागडे पिल्लू आणण्याआधी एकदा ठेलाऱ्यांच्या वाड्यावर जाऊन यावे. कोणते जनावर कोणत्या मातीत आणि कोणत्या वयात रुळते, याचे उत्तर तेथे फुकट मिळेल.

२२/ यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे : इतिहास कागदावर चालतो, कागद मूक असेल तर इतिहासकारानेही मूक राहावे. मला हे अर्धेच मान्य आहे. नाव सापडले नाही म्हणून नाव घडवू नये. उद्या कोणी ‘आउट्रमच्या कुत्र्याचा भिल्ल शिक्षक’ म्हणून एखादे काल्पनिक पात्र उभे केले, तर त्यालाही मी विरोधच करीन. वगळलेल्या माणसाला खोट्या कथेने न्याय मिळत नाही. खरी कथा शोधण्याची निकड मात्र त्यामुळे मरते.

२३/ पण कागद मूक आहे, असे शोधण्याआधीच कसे ठरवायचे? चाकरी होती तेथे वेतन होते, आणि वेतन होते तेथे हिशेब होता. संस्थानांच्या शिकारखान्यांचे जमाखर्च, कोअरच्या हजेऱ्या, पोलिसदलाची सेवापुस्तके या साऱ्यांकडे ‘कुत्र्याला कोण सांभाळत होते’ हा प्रश्न घेऊन गेलेले अभ्यासक कितीसे असतील?

२४/ म्हणून खान्देशातील तरुण मित्रांना तीन कामे सुचवतो. पहिले : धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. शब्दांच्या मुळांवरून माणसांचा इतिहास शोधणारा तो पुरुष होता. तेथील कागद चाळताना जागल्या, माग, शिकारखाना हे शब्द जेथे भेटतील, त्या नोंदी वेगळ्या काढा.

२५/ दुसरे : तुमच्या जिल्ह्यातील निवृत्त श्वान हस्तकांना भेटा. कुत्र्याचे नाव, जात, प्रशिक्षणाचे वर्ष, पहिला यशस्वी माग आणि फसलेला मागही विचारा. त्यांची संमती घेऊन मुलाखत ध्वनिमुद्रित करा. तिसरे : सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मेंढपाळांच्या वाड्यांवर जे वृद्ध आहेत, त्यांच्याकडून माग आणि कुत्री यांविषयीचे अहिराणी व भिल्ली शब्द टिपून घ्या. ही माणसे गेली की त्या शब्दांना विचारायला कोणी उरणार नाही.

२६/ वाघ्याचा वाद पुन्हा पेटेल, तेव्हा तुम्ही जरूर बोला, पुरावा मागा. पण वादातून उसंत मिळाली की आपल्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन एवढेच विचारा : आपल्या श्वानपथकातला पहिला कुत्रा कोणता, आणि त्याची दोरी कोणाच्या हातात होती? जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून ठेवा आणि या थ्रेडखाली मांडा. (समाप्त)